चीजबर्गर: आलू टिक्कीचा घ्यावा की चिकनचा?

भाच्याचा मेसेज आला तेव्हा मी उदगीरला एका डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो. "मामा, आलू टिक्की चीजबर्गर की चिकन चीजबर्गर? पौष्टिक कोणता, एका शब्दात सांगा." पोरगा यंदा नीटची दुसरी खेप देतोय. लातूरच्या ट्युशन एरियात रूम करून राहतो. क्लास सहाला सुटतो, मेसचं ताट साडेआठशिवाय पुढ्यात येत नाही आणि मधल्या अडीच तासांत पोटात कावळे ओरडतात. शिवाय अलीकडं व्यायामाचं खूळ डोक्यात शिरलंय, त्यामुळं प्रथिनं हा शब्द तोंडात सारखा.

मला विचारायचं कारण असं की औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून अठरा वर्षं मी लातूर, उदगीर, नांदेड, परभणी असा फिरतोय. संध्याकाळच्या ओपीडीआधी उभ्या उभ्या काय खावं हा प्रश्न मला रोजचा. भजी, समोसा, वडापाव अशी वळणं घेत तीन वर्षांपूर्वी बर्गरवर आलो, आणि ह्या दोघांत कोण, ह्याचा सोक्षमोक्ष लावायला मला बरेच महिने लागले. एका शब्दात कसं सांगणार?

आहारतज्ज्ञ मी नाही. पाकिटामागचं बारीक छापलेलं वाचायची सवय धंद्यानं लागलीय, तेवढंच भांडवल. आणि बर्गर खावाच का, हा वाद इथं घालत नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा ह्यांच्यापुढं दोन्ही बर्गर फिके आहेत, हे पोरालाही कळतं. पण संध्याकाळी सहा वाजता रस्त्यावर भाकरी मिळत नाही, बर्गर मिळतो.

मेसेजसोबत त्यानं कुठल्याशा अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवला होता. चीजबर्गर, एक नग: ३०० कॅलरी, १५ ग्रॅम प्रथिनं, शिवाय लोह, जस्त, बी-१२. खाली लिहिलेलं, "ह्यात वाईट काय आहे?" वाईट काहीच नाही, फक्त तो बर्गर आपला नव्हे. हे आकडे अमेरिकेतल्या साध्या चीजबर्गरचे. तिकडं नुसतं चीजबर्गर म्हटलं की आत गोमांसाची टिक्की असते, ते वेगळं सांगावं लागत नाही. लोह, जस्त आणि बी-१२ मुख्यतः त्या टिक्कीतून येतं. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं गायीपाठोपाठ बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे लातूरच्या गाडीवर तो बर्गर असायचा प्रश्नच मिटला. इथं चीजबर्गर म्हणजे बटाटा, नाहीतर कोंबडी. नाव तेच, आतला ऐवज निराळा. बटाट्याच्या टिक्कीत बी-१२ शोधणं म्हणजे वाळूचे कण रगडणं. चीजमधून आलं तर येईल थोडं.

त्या स्क्रीनशॉटमधला एक आकडा मात्र आपल्या कामाचा होता आणि पोरानं नेमका तोच वाचला नव्हता. सोडियम, ७०० मिलिग्रॅमच्या वर. त्यावर येतोच.

आधी प्रथिनं, कारण सगळ्यांना तीच हवीत. ह्या बाबतीत निकाल लागलेलाच आहे. बन दोन्हीकडं एकच, तो ५ ग्रॅमच्या आसपास देतो. चीजची स्लाईस २० ग्रॅमची असते, ती ४ ग्रॅम देते. उरली टिक्की. बटाट्यात शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमसुद्धा नीट भरत नाहीत, त्यामुळं तळहाताएवढी टिक्की खाल्ली तरी हाती लागतं ते चण्यादाण्याएवढं. चिकनची तयार टिक्की साठ-सत्तर ग्रॅमची, वरचा ब्रेडचा चुरा वजा जाता दहा ग्रॅम तरी देते. म्हणजे एका बाजूला अकरा-बारा, दुसऱ्या बाजूला एकोणीस-वीस. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था वजनाच्या किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरते. साठ किलोच्या पोराला पन्नास लागतात. चिकनचा बर्गर त्यातला दोन पंचमांश वाटा एका बैठकीत उरकतो. नुसतं एवढंच बघायचं असेल तर पुढं वाचू नका, चिकन घ्या.

कॅलरीत दोघांत फारसा फरक पडत नाही, निदान मला तरी सापडला नाही. बटाट्याची टिक्की स्वतः हलकी, पण तव्यावर तेल पिते. चिकनची टिक्की तेल कमी पिते असं नाही, तिचा चुरा पितो. दोन्ही साडेचारशेच्या आगेमागे जातात आणि त्यातला मोठा हिस्सा पांढऱ्या बाटलीतून पिचकारी मारलेल्या मेयोनीजचा असतो. मोठा चमचाभर साधं मेयोनीज म्हणजे शंभराच्या जवळ कॅलरी, आणि गाडीवाले चमचा मोजत नसतात. संभाजीनगरला मीटिंगला गेलो की मोठ्या साखळी दुकानांत भिंतीवर कॅलरी लिहिलेल्या दिसतात. ज्यांची दहा किंवा जास्त दुकानं आहेत त्यांना तो नियमच आहे. गाडीवाल्याला नाही. पण त्या भिंतीवरही मिठाचा आकडा दिसत नाही, तो खोदून काढावा लागतो. चोथा दोन्हींत नावापुरता: कोबीचं एक पान आणि काकडीच्या दोन चकत्या, त्याही उन्हाळ्यात मान टाकलेल्या.

भुकेच्या बाबतीत मात्र बटाट्याला आपण उगाच कमी लेखतो. १९९५ साली सिडनी विद्यापीठात सारख्याच कॅलरीचे ३८ पदार्थ माणसांना खायला देऊन कोणत्यानं पोट किती वेळ भरलेलं वाटतं ते तपासलं होतं. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा आला, पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून जास्त. आता टिक्की म्हणजे नुसता उकडलेला बटाटा नव्हे, आणि त्याच यादीत तळलेले फ्रेंच फ्राइज ब्रेडच्या जरासेच वर होते, हेही खरं. पण तव्यावर थोड्या तेलात परतलेली जाड टिक्की ह्या दोघांच्या मधे कुठंतरी असावी असा माझा कयास आहे. माझं पोट तरी तसंच सांगतं. बटाट्याचा बर्गर खाऊन नऊपर्यंत ओपीडी निभावते. चिकनच्या बर्गरवरही निभावते. इथं बरोबरी.

आता चीज. बर्गरवर चीज ठेवायची कल्पना १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात एका पोरसवदा आचाऱ्याला सुचली असं सांगतात. त्यानं ठेवलं ते तिथलं साधं चीज असेल. आपल्या गाडीवर येते ती प्रोसेस्ड चीजची स्लाईस, आणि तिची गोष्ट जरा वेगळी. साधं चीज तापवलं की तूप सुटतं आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या दोघांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते गुळगुळीत वितळतं करून दाखवलं. १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टनं प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. तेव्हापासून आजपर्यंत युक्ती तीच: सोडियमचे सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार चरबी आणि प्रथिनांना धरून ठेवतात. पाकिटावर ३३१ आणि ३३९ असे आकडे दिसले तर ते हेच. म्हणजे चवीचं मीठ वेगळं आणि वितळवायचे क्षार वेगळे, दोन्हींतून सोडियम पोटात. एका स्लाईसमध्ये अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम सहज. गरम टिक्कीवर ती स्लाईस हळूहळू कडेनं ओघळते, चार कोपरे खाली झुकतात, ते बघून पाणी सुटतं तोंडाला. ते ओघळणं फुकट नाही, एवढंच.

तरीही स्लाईस काढून टाका असं मी म्हणणार नाही. शंभरेक मिलिग्रॅम कॅल्शियम, चार ग्रॅम प्रथिनं, साठ कॅलरी, हे काही वाईट देणं नव्हे. फक्त ती खरी चीज आहे का ते एकदा बघून घ्यावं. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल घातलेल्या स्वस्त स्लाईस बाजारात आहेत. कायद्यानं त्यांना चीज म्हणता येत नाही, पाकिटावर अ‍ॅनालॉग असं लिहावं लागतं. पण बर्गरवर पाकीट चिकटवलेलं नसतं. मी गाडीवाल्याला सरळ म्हटलं, "भाऊ, पाकीट दाखवा की." तो आधी बघतच राहिला, मग डब्यातून काढून दिलं. निघालं खरं चीज. दुसऱ्या एका गाडीवर मात्र "पाकीट कामून पाहिजे?" असं उत्तर मिळालं आणि मी तिथं जाणं सोडलं. असो.

इथपर्यंत बघितलं तर चिकन पुढं आहे. प्रथिनांत मोठी आघाडी, बाकी बरोबरी. मीही वर्षभर बहुतेक चिकनच खात होतो.

त्यातली गोम पहिल्यांदा लक्षात आली ती माझ्या नव्हे, बायकोच्या. एके रात्री दोनच्या सुमारास मी स्वयंपाकघरात माठातून गडवा भरत होतो आणि अंधारातून आवाज आला, "आज चिकनचा बर्गर खाल्लात ना?" मी दचकलोच. "तुला कसं कळलं?" तर म्हणे, "तिसरा गडवा आहे. बटाट्याच्या दिवशी तुम्ही उठतच नाही." ती पाण्याचा हिशेब ठेवते, त्याला कारण आहे. लातूरकराला तहान काय ते कुणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून आम्हाला पाजलं होतं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घरात गडवे मोजायची जी सवय लागली, ती मांजरा धरण भरून वाहिलं तरी सुटली नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी अक्षरशः जागत होतो, रात्री दोन वाजता, माठाशेजारी.

ती तहान साधी नव्हती. जीभ टाळूला चिकटलेली, ओठांच्या कडा सुकलेल्या, पाणी पिऊन पोट डबडबलं तरी घसा कोरडाच. मग झोप मोडते ती मोडतेच, कारण पाणी प्यायलं की तासाभरानं दुसऱ्या कामासाठी उठावं लागतं. सकाळी आरशात बघितलं तर डोळ्यांखाली सूज आणि बोटातली अंगठी फिरेना. साबण लावून फिरवली. एका बर्गरपायी लग्नातली अंगठी कापायची वेळ यायची, असं बायको म्हणाली. ती जरा वाढवून बोलते, पण अंगठी अडकली होती हे खरं.

मग मी नोंद ठेवायला लागलो. आम्हाला रोज किती डॉक्टर भेटले त्याचा रिपोर्ट भरावा लागतो. त्या डायरीच्या कोपऱ्यात 'चि' किंवा 'ब' लिहायचं आणि शेजारी रात्री किती वेळा उठलो ते. मार्च ते मे चिकनचे बारा दिवस झाले, त्यातल्या नऊ रात्री उठलो. बटाट्याचे चौदा, त्यातल्या तीन. आता ह्याला प्रयोग म्हणू नका. उन्हाळा होता, चहा कधी दोन व्हायचे कधी पाच, आणि परभणीच्या फेरीच्या दिवशी तर माणूस बर्गर न खाताही तहानतो. म्हणून दिवाळीनंतर थंडीत पुन्हा महिनाभर तेच केलं. आकडे कमी झाले, पण पारडं त्याच बाजूला झुकलं.

असं का होत असावं, ह्याचा मी जमेल तसा माग काढला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ. बनात साधारण तीनशे, स्लाईसमध्ये तेवढंच, सॉस आणि मेयोनीजमध्ये मिळून दोन-अडीचशे. इथवर दोघं समान. म्हणजे टिक्की ठेवायच्या आधीच आठशेवर गाडी गेली. त्यावर तयार चिकनची टिक्की. ती कारखान्यात बनते. खिम्यात मीठ कालवलं की तो चिकट होतो, पाणी धरून ठेवतो, गोठवून आठवडेच्या आठवडे ठेवला तरी टिक्की फुटत नाही. त्याच कामासाठी बऱ्याचदा फॉस्फेटही असतं. वर चुऱ्यात मीठ. आणि गाडीवर तळून झाली की भाऊ वरून लाल पेरीपेरी मसाला भुरभुरतो, तो जिभेवर ठेवून बघा एकदा, निम्मं मीठच लागतं. टिक्कीमागं चारशे-साडेचारशे धरले तर एका बर्गरमध्ये तीन ग्रॅम मीठ झालं. दिवसाच्या कोट्याच्या निम्म्याहून जास्त, आणि अजून मेसची आमटी, लोणचं, पापड बाकी आहेत.

चिकनवर मी आळ घेत नाही. घरी बायकोनं कोंबडीचा खिमा आणून, आलं-लसूण आणि हिरवी मिरची घालून तव्यावर टिक्क्या केल्या, त्यावर हीच स्लाईस ठेवली. रात्री गाढ झोपलो. दोष कोंबडीत नव्हता, पाकिटात होता. पण औसा रोडला संध्याकाळी सहा वाजता घरचा खिमा कोण देणार?

बटाट्याचं उलट आहे. माझा गाडीवाला चार वाजता येतो. मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात बटाटे घरून उकडून आणलेले असतात. तो ते सोलत सोलत परातीत कुस्करतो, कोथिंबीर, मिरची, जिरं, पोहे भिजवून घालतो म्हणजे टिक्की धरते. मीठ चिमटीनं टाकतो, आणि मग एक कण जिभेवर ठेवून मान डोलावतो किंवा अजून टाकतो. मी एकदा विचारलं, "मीठ किती घालता?" म्हणाला, "चवीपुरतं. जास्त पडलं की पोरं लगेच सांगतेत, सर." हीच खरी मेख आहे. बटाट्यातलं मीठ जिभेला कळतं, म्हणून ते हाताबाहेर जात नाही. तयार टिक्कीतलं मीठ मसाल्याखाली दबून राहतं, ते रात्री दोन वाजता कळतं. कागदावर दोन्हींतला फरक दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असेल, फार नाही. पण भरल्या घड्यात ओतलेलं शेवटचं भांडंच बाहेर सांडतं, तसं काहीसं माझ्या बाबतीत होत असावं. तुमचा घडा मोठा असेल तर तुम्हाला जाणवणारही नाही.

शिवाय ताजी टिक्की समोर थापली जाते म्हणजे तुम्हाला तोंड उघडता येतं. "मेयोनीज नको, हिरवी चटणी लावा. सॉस नको. मसाला भुरभुरू नका." एवढं म्हटलं की तीनशेक मिलिग्रॅम तिथंच गळालं. चिकनवर हे चालत नाही का? चालतं, सॉस गाळता येतो. टिक्कीच्या पोटातलं मीठ गाळता येत नाही.

आणि ह्यावरच माझा निकाल लागला. प्रथिनं कमी पडली तर वरून घालता येतात. मीठ एकदा आत गेलं की काढता येत नाही. मी बॅगेत भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी ठेवतो. खारे नव्हेत, साधे, घरी लोखंडी कढईत भाजलेले. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम धरा, सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं. बटाट्याच्या बर्गरबरोबर ते चावले की चिकनच्या बर्गरची बरोबरी होते, आणि वर दहा-पंधरा रुपये सुद्धा खर्च होत नाहीत. माझ्या गाडीवर दोन बर्गरांत तीस-चाळीस रुपयांचं अंतर आहे. शेंगदाणे नको असतील तर कोपऱ्यावर उकडलेली अंडी मिळतात, एकामागं सहा ग्रॅम. अंड्यावरचं मीठ तेवढं स्वतःच्या हातानं लावावं.

घरी करायचा असेल तर आणखी एक. लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या राशी लागतात आणि आपण प्रथिनांसाठी महागडे डबे आणतो. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, मिक्सरला फिरवून बटाट्यात निम्म्यानं मिसळायच्या. कोरड्या वड्यांत शंभराला पन्नासच्या वर प्रथिनं असतात, त्यामुळं तीस ग्रॅममध्येच काम होतं. पिळायचा कंटाळा केला तर टिक्की तव्यावर विस्कटते आणि वासही येतो. पहिल्या वेळेला आमची विस्कटली, तिची भुर्जी करून भाकरीबरोबर खाल्ली. ती बर्गरपेक्षा चांगली लागली हे इथं लिहायला हरकत नाही.

पनीरचं कुणीतरी विचारणारच. कागदावर खरं तर तोच जिंकायला हवा: प्रथिनं भरपूर, ताज्या पनीरमध्ये मीठ जवळजवळ नाही. पण गाडीवर मिळतो तो पनीर बोटाएवढा जाड, चुऱ्यात घोळून तळलेला, आणि बेचाळीस डिग्रीच्या एप्रिलात दुपारभर डब्यात बसलेला. पनीरच्या जागीही अ‍ॅनालॉग येतंच. ओळखीची डेअरी असेल आणि घरी करत असाल तर खुशाल पनीर घ्या, माझ्या सगळ्या लिखाणावर पाणी सोडा.

साखरेचा त्रास असणाऱ्यांना मात्र मी बटाटा सुचवणार नाही. मैद्याचा बन आणि त्यात बटाटा म्हणजे पिठात पीठ. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी घरच्या खिम्याची टिक्की आणि बनचा खालचा अर्धाच भाग, असा तह झालाय. रक्तदाब असेल तर दोन्ही बर्गर महिन्यातून एखाद्या वेळी, आणि स्लाईस काढून. तेव्हा तो चीजबर्गर राहत नाही हे कळतंय मला, पण आपल्या डॉक्टरांना विचारा, प्रतिनिधीला नको. आणि रोज तासभर घाम गाळणाऱ्या तरुण पोराला थोडं जास्त मीठ पचतही असेल. माझं वय सत्तेचाळीस आहे, त्याचं एकोणीस. माझी अंगठी अडकते म्हणून त्याचीही अडकेल असं नाही, त्याच्या बोटात अजून अंगठीच नाही.

हे सगळं मी त्याला एवढं लांबलचक लिहिलं नाही. परतीच्या बसमध्ये बसल्यावर थोडक्यात कळवलं: ताज्या टिक्कीचा बटाट्याचा घे, टिक्की समोर थापायला लाव, स्लाईस एकच, सॉसऐवजी चटणी, खिशात शेंगदाणे ठेव. चिकन खायचंच असेल तर रविवारी घरी ये, मामी करून घालेल.

त्याचं उत्तर आलं, "मामा, पण प्रथिनं तर चिकनमध्येच जास्त ना?" सोबत अंगठा.

मी वाद घातला नाही. गेल्या गुरुवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. मी झोपेत होतो, बायकोनं उचलून वाचला आणि हसत मला दाखवला. "मामा, जागे आहात का? रूमवरचा पाण्याचा जार संपलाय. इतक्या रात्री कुठं मिळेल?"